आमच्याकडे उरत नाही

"डॉक्टर, लघवीला मुंग्या का लागतात?"

प्रश्न शालनचा नव्हता. तोंड तिचं होतं, आवाज तिचाच, नववीच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोचणारा; पण पैज होती तिच्या मैत्रिणींची, गोजाची आणि अंबूची. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यातले डॉक्टर मुलींना 'आरोग्य' सांगायला चिंचवडच्या शाळेत येणार असं कळलं, तेव्हा मधल्या सुट्टीतच ठरलं होतं, की वक्तृत्वाची ढाल आणल्यापासून शालनचे पाय काही जमिनीला लागत नाहीत, तर तिनं डॉक्टरांना एक प्रश्न विचारून दाखवावा, आणि कोणता ते गोजा ठरवणार. गोजानं प्रश्न काढला तोही शालननंच पुरवलेल्या मालातून. आदल्याच दिवशी शालन हसत हसत सांगत होती, की आमच्या मागच्या मोरीत एका कोपऱ्यात मुंग्यांची रांगच्या रांग लागते, आई राख टाकते, पाणी ओतते, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर, जसा काही तिथं कुणी काकवीचा घडा फोडलाय. "मग इचार की त्येच," गोजा म्हणाली होती. "न्हाई इचारलंस तर ढाल आमच्या घरी." आणि शालननं विचारलं. वर्ग फुटला. बाईंनी टेबलावर पट्टी आपटली. अंबूनं वेणीचं टोक तोंडात कोंबलं. हसले नाहीत ते एकटे डॉक्टर. त्यांनी चष्मा काढला, धोतराला नाही, चांगल्या इस्त्रीच्या रुमालाला पुसला, परत घातला, आणि मोठ्या माणसाशी बोलावं तसं तिला विचारलं, "कुणाच्या घरी लागतात?"

ते विचारणं शालनच्या अंगात अजून कुठंतरी होतं. दीड महिना झाला होता, दिवाळीनंतरचे कोवळ्या उन्हाचे दिवस जाऊन आता सकाळी शाळेच्या वाटेवर तोंडातून वाफ निघत होती, तरी कधीही, वेणी घालताना, भूगोलाच्या तासाला नकाशात नदी रंगवताना, तो प्रश्न पाठीच्या कण्यावरून गार पाण्यासारखा खाली ओघळायचा. कुणाच्या घरी लागतात? हसू तोंडावर तसंच राहिलं होतं आणि आतून मात्र कुणी काढून घेतलं होतं. घरात कुणाला सारखी तहान लागते का? रात्री उठावं लागतं का? एखादी जखम बरी व्हायचं नाव घेत नाही, असं आहे का? डॉक्टर एकेक विचारत गेले आणि एकेक उत्तर शालनच्या डोळ्यांसमोर येऊन उभं राहिलं: आईच्या उशाशी असलेला तांब्या, जो हल्ली दोनदा भरावा लागायचा; मागच्या दाराच्या कडीचा आवाज, जो झोपेत ऐकून ऐकून आता स्वप्नातलाच झाला होता; आणि आईच्या उजव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट, ज्याच्यावर दसऱ्याच्या आधी वरवंटा पडला होता आणि जे अजून हळदीच्या चिंधीत गुंडाळलेलं होतं. कुठल्याही प्रश्नाला सगळ्यांच्या आधी हात वर करणारी ती, गुपचूप खाली बसली. वर्गाला वाटलं, लाजली. गोजा म्हणाली, "जिंकलीस, बाई."

जिंकली ती अशी, की चौथ्या दिवशी आई, कौशल्याबाई, नऊवारीचा पदर डोक्यावरून घट्ट ओढून कारखान्याच्या दवाखान्यात बाकावर बसली होती आणि शालनच्या हातात डॉक्टरांनी एक निळ्या औषधाची बाटली, दोन काचेच्या नळ्या, स्पिरिटचा दिवा आणि एक कागद दिला होता. "तू विचारलंस, आता तूच बघायचंस," ते म्हणाले. नळीत दोन बोटं निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, मोजून आठ, आणि ज्योतीवर हलवत हलवत उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, नारिंगी त्याहून जास्त, आणि विटकरी झालं तर वाईट. शालनला ते आवडलं, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नळी चिमट्यात धरून तिरकी करायची, आत बुडबुडा फुटला की मनगट हलकं करायचं, आणि मग तो क्षण, निळ्यातून कसलातरी धूर उठावा तसा रंग वर चढतो आणि सगळी नळी बदलून जाते. स्पिरिटचा तो गोडसर थंड वास आणि त्याच्यामागून येणारा दुसरा वास, ज्याला ती नाक मुरडत नसे, कारण शास्त्रज्ञ मुरडत नाहीत. आई मात्र पहिले आठ दिवस वाटी मोरीच्या कठड्यावर ठेवून पाठ फिरवून उभी राहायची. "हेच शिकवतात होय तुमच्या शाळेत? आईचं मूत उकळायला?" तिनं एकदा विचारलं. शालन खदखदून हसली, आईही हसली, पण आईचे कान लाल झाले होते. ज्या बाईनं आपलं सगळं काढलं, धुतलं, पुसलं, तिला आपल्यापुढं वाटी ठेवताना लाज वाटते, ह्याचं शालनला नवल वाटलं होतं. आणि नवलाच्या खाली, अगदी तळाशी, एक बारीकसा आनंदही होता, की आता मी पाहणार आणि तू दाखवणार.

कागदावर डॉक्टरांनी मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं, कारण आईला मोठी अक्षरं लावून लावून वाचता येत. साखर, गूळ बंद. बटाटा, रताळं, केळं बंद. भात एक मूठ, जमल्यास तोही नको. ज्वारीची भाकरी एका वेळी दीड. पालेभाजी हवी तेवढी, मुगामटकीची उसळ, ताक. आणि सगळ्यात खाली दोन रेघा मारून: वेळेवर जेवणे. आबांनी, म्हणजे शालनच्या वडिलांनी, उद्धवरावांनी, तो कागद चुलीमागच्या भिंतीला खळ लावून चिकटवला आणि म्हणाले, "कागदाप्रमाणं चालायचं. विषय संपला." आबांचा कुठलाही विषय असा एका वाक्यात संपत असे. ते कारखान्याच्या गोदामात होते, आणि त्यांचा धाकटा भाऊ, ज्योतीराम काका, तिथंच बाटल्या भरायच्या खात्यात शिफ्टला. दोघेही बार्शीकडून आलेले, आधी आबा, मग बिऱ्हाड, मग काका. जगभरच्या जखमा सुकवणारं औषध ह्या घरातल्या दोन पुरुषांच्या हातांखालून जातं आणि आईचं बोट मात्र ओलंच, हे शालननं एकदा काकांना ऐकवलं, तर ते बिचारे आपल्या हातांकडे बघायला लागले. डॉक्टरांनी त्याच औषधाची इंजेक्शनं दिली होती आईला. बोट सुकायचं, चार दिवसांनी पुन्हा पाणी सुटायचं. "साखर उतरल्याशिवाय काही खरं नाही," डॉक्टर म्हणाले. "संक्रांतीनंतरच्या सोमवारी परत आणा. तोवर उतरली नाही, तर मी पुण्याला मोठ्या दवाखान्यात पाठवीन. आणि ते लोक बोट ठेवतीलच, असं मी आत्ता सांगत नाही." हे त्यांनी आबांना बाजूला घेऊन सांगितलं, पण शालनचे कान तिखट. परत येताना टांग्यात ती आईच्या पायाकडे बघतच नव्हती, आणि न बघताना तिला फक्त ते बोटच दिसत होतं.

आईनं कागद पाळला. ह्यात शंका घ्यायला जागाच नव्हती, आणि तिथंच सगळी चीड होती. चहा बिनसाखरेचा, तोंड वेडंवाकडं न करता. मेथी तर घरात इतकी, की सहा वर्षांची सुमन, शालनची धाकटी बहीण, मेथीच्या जुडीला 'आईचं गवत' म्हणायला लागली होती. घरमालकीण छबूबाई, गावातल्या जुन्या कुणबी घरातल्या, परड्यात म्हैस बांधलेली, रोज दुपारी बादली घेऊन दारात उभ्या राहायच्या. "कवसल्याबाई, काय उरलंसुरलं आसंल तर टाका की म्हशीच्या बादलीत. येल्याली हाय." आणि आई रोज तेच उत्तर द्यायची, पदर सारखा करत, एखादीनं आमच्या मुली शिकतात असं सांगावं तशा आवाजात: "आमच्याकडे उरत नाही हो, छबूबाई." छबूबाई जाता जाता म्हणायच्या, "भाड्यानं ऱ्हात्याती आन् दाना सोडत न्हाईती. गुनाची बाई." ते कौतुकच होतं. शालनला ते लहानपणापासून पाठ होतं: आईचं पातेलं कसं, तर घासायला टाकायच्या आधीच घासल्यासारखं.

सकाळची नळी हिरवी यायची. कधीकधी तर निळसर हिरवी, पोपटाच्या पंखाच्या आतल्या बाजूसारखी, आणि मग शालन शाळेच्या वाटेवर उड्या मारत जायची, गोजाला आणि अंबूला लांबूनच ओरडायची, "हिरवी!" शाळेत ती आता प्रसिद्ध होती. मुंग्यांवाली शालन. बाईंनी तिला शास्त्राच्या तासाला पुढं बोलावून मधुमेहावर पाच मिनिटं बोलायला लावलं होतं, आणि ती बोलली होती, हातवारे करून, मध्ये थांबून, सगळे ऐकताहेत ना हे बघून. टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या आवाजात तिला एकदम मोरीच्या कठड्यावरची ती वाटी दिसली होती, आणि पाठ फिरवून उभी असलेली आई. आईचा आजार नसता तर ह्या टाळ्या कुठून आल्या असत्या? असले विचार आले की ती मान जोरात हलवायची, वेणी खांद्यावर आपटेपर्यंत. तर सकाळी हिरवी. आणि संध्याकाळी, शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून ती दिवा लावायची, नळी तापवायची, आणि रंग चढायचा: हिरवा, थांब, पिवळा, थांब ना, नारिंगी, आणि मग भट्टीतून काढलेल्या विटेसारखा, गढूळ, जड, तळाला बसणारा. रोज. सकाळी उतरलेलं संध्याकाळी पुन्हा चढलेलं. जसं काही फळ्यावरची बेरीज कुणीतरी तिच्या पाठीमागं येऊन पुसत होतं. ती नळी खिडकीशी धरून बघत बसायची. त्या रंगाचे तिला बाहेरही डाग दिसायला लागले, कौलांवर, स्टेशनच्या भिंतीवर, शेजारणीच्या लुगड्याच्या काठावर; जसं काही सगळं जगच दुपारी चोरून गोड खात होतं.

चोरून. हा शब्द एकदा डोक्यात आला तो गेलाच नाही. सकाळी आपण घरात असतो, आई धड असते. आपण अकराला शाळेत जातो. साडेपाचला येतो, तर नळी विटकरी. मधल्या वेळात घरात कोण? काका शिफ्टवरून येईपर्यंत आई आणि सुमनच. गणित इतकं सोपं होतं, की शालनला स्वतःच्या हुशारीचा पहिल्यांदा राग आला. संक्रांतीसाठी आबांनी गुळाची अर्धी ढेप आणून फडताळात ठेवली होती. शालननं सुईनं ढेपेच्या कडेला एक रेघ ओढली. साखरेच्या डब्यात आतल्या बाजूला पेन्सिलीनं खूण केली. दुसऱ्या दिवशी रेघ जिथल्या तिथं. सुमनच्या दूधभाताचे दोन चमचे सोडले तर साखरही तेवढीच. आणि नळी विटकरी. तिसऱ्या दिवशी तेच. खरं म्हणजे तेव्हाच तिनं थांबायला हवं होतं. पण संक्रांत चार दिवसांवर आली होती, तिच्यामागं सोमवार उभा होता, त्याच्यामागं पुण्याचा मोठा दवाखाना, आणि शालनला कुणावरतरी ओरडायचंच होतं. आई सुपात तीळ घेऊन निवडत बसली होती, छबूबाई उंबऱ्यावर टेकल्या होत्या, काका बनियनवर सायकलीची साखळी पुसत होते. शालन नळी हातात घेऊनच बाहेर आली. "आई चोरून खाते," ती म्हणाली. वक्तृत्वातला आवाज. "दुपारी आम्ही नसताना. हे बघा. हे खोटं बोलत नाही."

काकांचा हात साखळीवर थांबला. छबूबाई म्हणाल्या, "आगं पोरी, आईला चोर म्हंत्यात व्हय?" आईनं सुपातून मान वर केली नाही. एक खडा उचलला, बाजूला ठेवला. "खाल्लं असतं तर सांगितलं असतं, शाले," ती म्हणाली. "तुला का भ्यायचं मी?" बास. तेवढंच. मग ती सूप पाखडायला लागली आणि तिळाचा बारीक कोंडा उन्हात उडाला. शालनला वाटलं होतं, आई चिडेल, रडेल, निदान एक धपाटा घालेल. तिच्या हातातली नळी अजून गरम होती. नळी खरी की आई खरी? ती लहान असताना बार्शीला तापानं फणफणली होती, तेव्हा आईनं कपाळावर हात ठेवून सांगितलं होतं, "उतरला ताप," आणि मग वैद्यांनी येऊन तेच सांगितलं होतं. तेव्हापासून आईचा तळहात म्हणजे जगातली शेवटची खात्री होती. आणि आज तिनं एका काचेच्या नळीचं ऐकलं होतं. त्या संध्याकाळी ती धड जेवलीच नाही. अर्धा भात ताटात तसाच टाकून उठली. आई "अगं, संपव," म्हणाली, तिनं ऐकलं नाही.

शनिवारी शाळा सकाळची असायची. शालननं अंथरुणातून सांगितलं, "अंगात कणकण आहे." थाप मारायला तिला कधी कष्ट पडत नसत, पण आईनं येऊन कपाळावर तळहात ठेवला, थोडा जास्त वेळ ठेवला, आणि म्हणाली, "पडून राहा," तेव्हा शालनला कळलं, की आईला कळलंय. तरीही ती गोधडी गळ्यापर्यंत ओढून, डोळ्यांच्या फटीतून, स्वयंपाकघराच्या चौकटीकडे बघत पडली. आज चोर पकडायचाच. काका पहाटेच पहिल्या शिफ्टला गेले होते. आबा डबा घेऊन सायकलीवरून गेले. ऊन फरशीवरून एक लादी पुढं सरकलं. आईनं भाकरी थापल्या. परातीतला तो ओला थाप्-थाप् आवाज, फुगलेल्या भाकरीचा वास, आणि शालनला गोधडीखाली अशी भूक लागली की चोर पकडणं बाजूलाच राहावं. अकराला सुमनला दूधभात दिला, वर दोन चमचे साखर. सुमननं चार घास खाल्ले आणि मांजर बघायला पळाली. आईनं वाटीवर ताटली झाकली. बारा वाजले. आता, शालनला वाटलं. आईनं खरंच ताट घेतलं. दीड भाकरी, मेथी, मटकीची उसळ, ताकाचा पेला; अगदी भिंतीवरच्या कागदासारखं ताट. तिनं ते बघितलं, मग दाराकडे बघितलं, आणि ताटावर दुसरं ताट झाकून ठेवलं. "आई, जेवत का नाहीस?" शालननं पडल्या पडल्या विचारलं. "भावजी यायचेत ना अजून," आई म्हणाली. त्यांच्या आधी कसं जेवायचं, एवढंसुद्धा तिला बोलायची गरज वाटली नाही. काका यायचे साडेतीनला.

साडेतीन! शालन दर दिवशी शाळेत डबा खाताना, आई ह्या वेळी जेवत असेल, असं धरून चालली होती; तिनं कधी विचारलंच नव्हतं. एक वाजला. आई पाणी प्यायली. कपडे वाळत घातले. दीड वाजता ती एकदम भिंतीला टेकून बसली आणि तिचे हात थरथरताना शालनला लांबूनही दिसले. पुन्हा पाणी प्यायली. छबूबाई बादली घेऊन आल्या, आईनं उठून, पदर सारखा करून, त्यांना तेच सांगितलं. बोट दुखत असणार, कारण ती टाचेवर जोर देत चालत होती. साडेतीनला सायकलीची घंटा वाजली, काका हातपाय धुऊन पाटावर बसले, आणि आईचे हात कसे कुणास ठाऊक थरथरायचे थांबले. काका भुकेले होते. सकाळी सातपासून बाटल्यांसमोर उभा राहिलेला माणूस. "वहिनी, भाकरी आहे का अजून?" "आहे की." आईनं झाकलेल्या ताटावरचं ताट उचललं आणि कागदातली एक भाकरी काकांच्या ताटात गेली. "अर्धी वाढू का?" तीही गेली. काकांना माहीतच नव्हतं ते कुणाचं ताट आहे. त्यांनी भात घेतला, आमटी ओतली, थोडा टाकला, हात धुतला, चांगला माणूस, बाहेर पिंपळाखाली विडी ओढायला गेला.

आणि मग आई जेवली. ताट न घेता. चुलीकडे तोंड करून, घराकडे पाठ करून, उकिडवी. काकांचा टाकलेला भात तिनं पातेल्यातच ओतला, त्यात सुमनचा साखर घातलेला, आता साय धरलेला दूधभात, त्यात कालचा झाकून ठेवलेला भात, तळाची खरवड, वरून उरलेली आमटी. सगळं एकत्र कालवलं आणि भराभर खाल्लं. चवीनं नव्हे. केर काढावा तसं. एका कडेनं दुसऱ्या कडेपर्यंत. मग बोट पाण्यात बुडवून जमिनीवर सांडलेली शितं त्या ओल्या बोटानं एकेक उचलली आणि तोंडात टाकली. हे शालननं जन्मापासून रोज पाहिलं असणार. बार्शीला पाहिलं असणार, इथं पाहिलं असणार. आज पहिल्यांदा दिसलं. ती गोधडी फेकून उभी राहिली. "आई, काय खातेस?"

आई दचकली सुद्धा नाही. "कुठं काय खातेय?" ती म्हणाली, खरोखरच नवल वाटून. "भांडी रिकामी करतेय." आणि मग तिला मुलीचा चेहरा दिसला. "अगं, अन्न आहे. टाकायचं कसं? जेवण वेगळं. दीड भाकरी डॉक्टरांनी सांगितली, ती काय मी जास्त खाल्लीय? आज तर तीही नाही." तिनं पातेलं उलटं करून दाखवलं, रिकामं, लख्ख, निर्दोष. खोटं कुणीच बोलत नव्हतं. नळीही नाही, आईही नाही. चोर नव्हताच. ओरडायला कुणी नव्हतं: काकांना माहीत नव्हतं, आबा डबा घेऊन जात होते, सुमन सहा वर्षांची. आणि तो कालचा भात, झाकून ठेवलेला? काल तर रोजच्यापेक्षा कमीच केला होता भात. तो कुणाचा? तिचाच. आईला चोर ठरवल्यापासून ती रोज संध्याकाळी रागानं अर्धं ताट टाकून उठत होती, आणि त्याआधीही, पुन्हा नळीपाशी जायच्या घाईत, शास्त्रज्ञ जेवत बसत नाहीत म्हणून. तो भात दुसऱ्या दुपारी आईच्या पोटात जात होता, आणि संध्याकाळी ती दिवा लावून, चिमट्यात धरून, तोच भात विटकरी होताना बघत होती. आपणच घालतोय आणि आपणच मोजतोय. इतकी चीड तिला आयुष्यात कधी आली नव्हती, आणि ती काढायला जागा नव्हती, म्हणून ती मोरीत गेली आणि पाण्याच्या हंड्याला लाथ मारली. पाय चांगलाच ठेचकाळला. मुंग्या आपल्या रांगेत चालल्या होत्या.

दिवेलागणीला आबा आले. हातपाय धुतले, देवापुढं उभे राहिले. आईनं रोजच्यासारखे पाट मांडले: आबांचा, काकांचा, दोघी मुलींचा. आबा बसले, काका बसले, सुमन मांडी घालून वाटी वाजवायला लागली. शालन बसली नाही. तिनं फडताळातून आईची पितळी काढली, जी दोन वर्षं वरच्या फळीवर पालथीच होती, ती पुसली, आबांच्या शेजारी आपल्याच पाटापुढं ठेवली, आणि तिच्यात दीड भाकरी वाढली. मेथी. उसळ. ताक. "आई, बस," ती म्हणाली. आवाज ढालीचा होता, आणि ह्या वेळी पैज कुणाचीच नव्हती.

"हे काय खूळ?" आबा म्हणाले.

"शाले, वेडी का तू!" आई पदर तोंडाला लावून कुजबुजली. "ह्यांच्या आधी? भावजींसमोर? लोक काय म्हणतील?"

"काका, तुम्हाला दुपारी वाढलेली भाकरी आईची होती," शालन म्हणाली. काकांनी मान वर केली, आईकडे बघितलं, मग आपल्या रिकाम्या ताटाकडे, आणि ते ताट त्यांनी हळूच एक वीत मागं सारलं. "वहिनी, बसा," ते म्हणाले, कसंनुसं.

"कागद मीच लावला ना भिंतीला?" आबा म्हणाले. "कागदाप्रमाणं चालतंय की घर. विषय काय आहे?"

"विषय संपलेला नाही, आबा," शालन म्हणाली. हे वाक्य ह्या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं, आणि ते तिच्या तोंडून निघून गेल्यावर तिलाच त्याचा आवाज ऐकू आला. "कागदात दीड भाकरी लिहिलीय आणि आई आपल्या सगळ्यांचं उरलेलं खाते. माझंसुद्धा. परवा मी तिला चोर म्हटलं, ते चुकलं. ते मी छबूबाईंसमोर परत घेणार आहे, जसं म्हटलं तसं, मोठ्यानं. पण संक्रांतीनंतरच्या सोमवारी डॉक्टर नळी बघणार आहेत, आणि मला आईचं बोट पाहिजे. म्हणून मी ठरवलंय. उद्यापासून नाही, आत्तापासून. ह्या घरात पहिलं ताट आईचं. दुपारी बाराला आणि रात्री आत्ता. काका साडेतीनला येवोत नाहीतर पाचला, त्यांचं झाकून ठेवलेलं असेल. आई उठली की मग तुम्हाला मी वाढीन, आणि सगळ्यांच्या शेवटी मी जेवीन. आणि आई, पातेल्यात जे उरेल ना, मग ते शीत असो की घागरभर, त्याला तू हात लावायचा नाहीस. ते मी रोज माझ्या हातानं छबूबाईंच्या म्हशीच्या बादलीत टाकणार आहे. त्यांनी विचारलं, तर आमच्याकडे उरतं, असं सांगणार आहे."